शवविच्छेदनात अचानक सापडणारी जन्मजात व्यंगं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोस्टमॉर्टेमचा अहवाल हातात पडतो आणि त्यात 'डावे मूत्रपिंड जन्मतः अनुपस्थित' किंवा 'महाधमनीची झडप दोन पाकळ्यांची' अशी एखादी ओळ असते. माणूस अपघातात गेलेला असतो, घरच्यांनी हे आयुष्यात कधी ऐकलेलं नसतं, आणि समजावून सांगायला बहुतेक वेळा कोणी भेटत नाही. अशा नातेवाइकांसाठी, न्यायवैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि अकस्मात मृत्यूचा तपास करणाऱ्या पोलिसांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत.

मृत्यूचं कारण उघड असताना बाकीचं शरीर का तपासतात?

डोक्याला मार लागून गेलेल्या माणसाचंही फक्त डोकं उघडून भागत नाही. डोकं, छाती आणि पोट या तिन्ही पोकळ्या पाहायच्या असतात. दारू, विष, जुना आजार, दुसरीकडे लागलेला मार यांतलं काही सुटलं, तर पुढे कोर्टात उत्तर द्यायला जागा राहत नाही. हे पाहतानाच व्यंग समोर येतं.

इस्पितळात जो येतो तो काहीतरी दुखतंय म्हणून येतो. आमच्या, म्हणजे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या, टेबलावर मात्र काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेली माणसं येतात. रस्त्यावर गाडीखाली आलेला पंचविशीतला मुलगा, विहिरीत बुडालेली बाई, विजेचा धक्का बसलेला शेतमजूर. यांची कधी सोनोग्राफीसुद्धा झालेली नसते. त्यामुळे कुठलं व्यंग खरोखर किती जणांत असतं आणि त्याचा त्रास न होता माणूस किती वर्षं जगू शकतो, हे कळायला शवविच्छेदनाइतकी चांगली जागा नाही. म्हणूनच ही माहिती 'कारणाशी संबंध नाही' म्हणून टाकून देणं मला पटत नाही.

ही व्यंगं किती दुर्मिळ असतात?

काही तर अजिबात दुर्मिळ नसतात. गर्भात हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमध्ये एक झडपेसारखं छिद्र असतं आणि जन्मानंतर ते बुजतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये ९६५ हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २७ टक्के हृदयांत ते पूर्ण बुजलेलं नव्हतं. लहान आतड्याची मेकेलची पिशवी सुमारे २ टक्के लोकांत असते. दोन पाकळ्यांची महाधमनी झडप १ ते २ टक्क्यांत (महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी धमनी, तिच्या झडपेला एरवी तीन पाकळ्या असतात).

त्याखाली मग खरी विरळ मंडळी. घोड्याच्या नालेसारखी खालून जोडलेली मूत्रपिंडं चारशे-पाचशे माणसांत एकाला. डाव्या बाजूची जादा ऊर्ध्व महाशीर (शरीराच्या वरच्या भागातलं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर) हजारात तीन ते पाच जणांना. एकच मूत्रपिंड साधारण हजारात एकाला. सगळे अवयव आरशातल्यासारखे उलट बाजूला असणं दहा हजारांत एकाला. महाराष्ट्राच्या लोकसंख्येला हे प्रमाण लावून पाहा: नालेसारखी मूत्रपिंडं घेऊन फिरणारी माणसं लाखांवर निघतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकच नसतं.

अहवालात 'एकच किडनी' लिहिलंय. कोणीतरी काढून घेतली असेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्यावर चिडायचं काही कारण नाही. मूत्रपिंडाच्या बेकायदा व्यवहारांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. माणूस आठ दिवस इस्पितळात राहून गेला आणि पोस्टमॉर्टेममध्ये एकच मूत्रपिंड निघालं, तर घरच्यांना शंका येणारच. म्हणून अहवाल लिहिणाऱ्याने इथे एका ओळीवर थांबू नये.

पहिलं काम म्हणजे शोधणं. जागेवर नाही याचा अर्थ शरीरातच नाही असा होत नाही. मूत्रपिंड गर्भात ओटीपोटातून वर चढतं, कधीकधी ते खालीच अडकतं आणि ओटीपोटात सापडतं. कधी ते मणका ओलांडून दुसऱ्या बाजूला जातं आणि तिथल्या मूत्रपिंडाला चिकटतं. हे न पाहता 'अनुपस्थित' लिहिणं चूक आहे.

खरोखरच नसेल तर मूत्राशय उघडायचं. त्याच्या तळाशी एक त्रिकोणी भाग असतो, त्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत दोन मूत्रवाहिन्यांची तोंडं असतात. जन्मतः मूत्रपिंड नसेल तर बहुतेक वेळा त्या बाजूची मूत्रवाहिनीही नसते, तिचं तोंडही नसतं, आणि त्रिकोणाची ती अर्धी बाजू सपाट, अविकसित दिसते. शस्त्रक्रियेने काढलेलं असेल तर तोंड जागेवर असतं, मूत्रवाहिनीचा तुकडा खाली शिल्लक असतो, महाधमनीपाशी धमनीचं खुंट असतं आणि त्यावर टाके किंवा क्लिपा असतात. धातूची क्लिप सीटी स्कॅनमध्ये लख्ख दिसते. कातडीवरचा व्रण तर असतोच. दुर्बिणीतून काढलं तरी अख्खं मूत्रपिंड बाहेर काढायला पोटावर कुठेतरी काही सेंटिमीटरचा छेद द्यावाच लागतो.

त्यानंतर मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसणारी अ‍ॅड्रिनल ग्रंथी पाहावी. ती मूत्रपिंडापासून बनत नाही, म्हणून मूत्रपिंड नसतानाही ती बहुधा असते, पण खालून आधार आणि दाब नसल्यामुळे चपटी, लांबट तबकडीसारखी पडलेली दिसते. पुरुषात त्याच बाजूची शुक्रवाहिनी नसणं किंवा शुक्राशय अविकसित असणं, स्त्रीत गर्भाशय एकाच बाजूचं किंवा दुभंगलेलं असणं, ही जन्मजात असल्याची भक्कम खूण. जननमार्ग आणि मूत्रमार्ग गर्भात एकाच सुमाराला, शेजारीशेजारी घडतात, म्हणून दोन्हीकडे बिघाड सोबत येतो.

दुसरं मूत्रपिंड मोठं झालेलं असणं हा मात्र एकट्याने पुरावा नाही. दान केल्यानंतरही उरलेलं मूत्रपिंड वाढतं.

हे सगळे मुद्दे फोटोंसह अहवालात असतील तर घरच्यांची शंका दहा मिनिटांत फिटते. नसतील तर ती वर्षानुवर्षं घर करून राहते, आणि शेवटी कोणीतरी निरपराध डॉक्टर किंवा परिचारिका त्यात भरडली जाते.

सगळे अवयव उलट्या बाजूला असूनही माणूस जगतो?

हो, आणि पूर्ण आयुष्य जगतो. लंडनमध्ये मॅथ्यू बेली यांनी विच्छेदनासाठी आलेल्या एका देहात हृदय उजवीकडे आणि यकृत डावीकडे पाहिलं आणि १७८८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन छापलं. सगळंच्या सगळं उलट असेल तर नळ्यांची जोडणी एकमेकांशी जुळलेली राहते, त्यामुळे काम बिघडत नाही.

अर्धवट उलट असेल तर ते जास्त धोक्याचं. हृदय डावीकडेच आणि पोटातले अवयव तेवढे उलट, अशा जोडीत हृदयाचे गंभीर दोष बरेचदा असतात आणि बाळं दगावतात. तरीही अमेरिकेत ऑरेगनमधल्या वैद्यकीय विद्यापीठात, देहदान केलेल्या ९९ वर्षांच्या एका आजींच्या शरीरात विद्यार्थ्यांना नेमकी हीच रचना सापडली आणि २०१९ मध्ये ती जाहीर झाली. त्यांच्या हयातीत हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत एका विशिष्ट जागी सूक्ष्म केसांसारखे तंतू गोल फिरतात आणि द्रवाचा प्रवाह डावीकडे ढकलतात, त्यावरून डावं-उजवं ठरतं. तंतूच अधू असतील तर बाजू ठरणं नशिबावर जातं. हेच तंतू श्वासनलिकेत कफ बाहेर ढकलतात, म्हणून अशा काही जणांना जन्मभर सायनस आणि छातीचा त्रास असतो. झुरिकच्या कार्टाजेनर यांनी १९३३ मध्ये ही सांगड वर्णन केली. शवागारात उजवीकडे हृदय दिसलं तर फुप्फुसांच्या खालच्या नळ्या फुगलेल्या आहेत का, हे मुद्दाम पाहावं.

स्कॅनवर हे दिसलं तर आधी डाव्या-उजव्या बाजूची खूण बरोबर लागली आहे ना, याची खात्री करावी.

व्यंग सापडलं म्हणजे तेच मृत्यूचं कारण का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. सापडलं म्हणून कारण ठरत नाही, आणि दुर्मिळ आहे म्हणून तर मुळीच नाही. वेगळं काही दिसलं की ते अहवालाच्या शेवटच्या ओळीत नेऊन बसवायचा मोह होतो. तो टाळावा.

हृदयाचं उदाहरण घ्या. करोनरी धमनीचा (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीचा) काही भाग हृदयाच्या स्नायूत बुडालेला असणं शवविच्छेदनात पुष्कळदा दिसतं. त्यावर तरुणाचा मृत्यू ढकलायचा असेल तर त्या भागातल्या स्नायूला इजा झाल्याचा पुरावा हवा आणि बाकीची कारणं बाद झालेली हवीत.

याउलट, डावी करोनरी धमनी चुकीच्या जागेतून, म्हणजे महाधमनीच्या उजव्या खोबणीतून निघून महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून जात असेल, तर प्रकरण गंभीर आहे. तिचं तोंड गोल नसून फटीसारखं असतं आणि ती तिरक्या कोनात निघते. धावताना दोन्ही मोठ्या नळ्या फुगतात, फट मिटते. तरुण खेळाडू मैदानातच कोसळतो. आधीचा ईसीजी, कधी तर ट्रेडमिल चाचणीही साफ असू शकते.

अमेरिकन बास्केटबॉलपटू पीट माराविच १० हंगाम एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळले. निवृत्तीनंतर, ५ जानेवारी १९८८ रोजी, पॅसाडेनामध्ये मित्रांबरोबर खेळताना ते कोसळले. वय ४०. शवविच्छेदनात कळलं की त्यांना डावी करोनरी धमनी नव्हतीच. इतकी वर्षं त्या हृदयाने तो वेग कसा झेपवला, याचं आश्चर्य आजही वाटतं.

इथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. घाईत महाधमनी कुठेही कापून हृदय बाहेर काढलं तर ही तोंडं छेदात जातात आणि निदान कायमचं हरवतं. आधी झडपेच्या वर पुरेसं अंतर ठेवून छेद घ्या, आत डोकावून दोन्ही तोंडं मोजा, कुठल्या खोबणीत आहेत ते लिहा, फोटो काढा, मग पुढे जा. तरुणाच्या आकस्मिक मृत्यूत 'हृदय : काही विशेष नाही' हे वाक्य तोंडं पाहिल्याशिवाय लिहू नये.

सीटी स्कॅन केला तर चिरफाड टळते का?

कधीकधी. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'व्हर्टोप्सी' या नावाने हे काम सुरू झालं. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये मार्च २०२१ मध्ये आभासी शवविच्छेदनाचं केंद्र उघडलं. हाडं, हवा, धातूच्या वस्तू, जोडलेली मूत्रपिंडं, उलटे अवयव, कमी-जास्त बरगड्या हे सगळं स्कॅनवर टेबलापेक्षा चांगलं दिसतं. मानेचे मणके तर नेहमीच्या शवविच्छेदनात पूर्ण उघडले जातातच असं नाही.

पण मृत शरीरात रक्त वाहत नाही. रंगद्रव्य मुद्दाम भरल्याशिवाय करोनरीची तोंडं, बारीक धमन्या, हृदयातली छिद्रं साध्या स्कॅनवर नीट कळत नाहीत. रक्त खाली बसल्याचे थर आणि कुजण्यामुळे झालेली हवा नवख्याला आजार वाटू शकते. स्कॅन आधी, त्यावरून कुठे नेमकं उघडायचं हे ठरवणं नंतर, ही जोडी मला सर्वांत विश्वासाची वाटते. महाराष्ट्रातल्या बहुतेक शवागारांत ही सोय नाही, हे दुर्दैव.

हाडातलं छिद्र गोळीचं की जन्मजात?

सांगाड्यावर हा गोंधळ खरोखर होतो. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या भागात सुमारे ५ टक्के लोकांत जन्मतः गोल भोक असतं. हाड दोन बाजूंनी जुळताना मध्ये राहून गेलेली ती जागा. नेमकी हृदयासमोर असल्याने गोळीचा संशय लगेच येतो. (जिवंतपणीही हे भोक धोक्याचं ठरलेलं आहे: त्यातून अ‍ॅक्युपंक्चरची सुई थेट हृदयात गेल्याचे मृत्यू वैद्यकीय नोंदींत आहेत.) जन्मजात भोकाची कड गुळगुळीत, हाडाच्या बाहेरच्या कठीण थराने मढवलेली असते. गोळी आत शिरताना हाडाच्या आतल्या बाजूला उतार पडतो, आसपास तडे जातात. डोक्याच्या मागच्या भागात मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना जोडीने असणारी छिद्रंही जन्मजात असतात.

पहिल्या मानेच्या मणक्याची मागची कमान सुमारे ४ टक्के लोकांत पूर्ण जुळलेली नसते, आणि अपघाताच्या स्कॅनवर ती मोडल्यासारखी दिसते. कपाळाच्या मधोमध राहिलेली शिवण कवटीची चीर वाटते.

गळा दाबल्याचा संशय असलेल्या प्रकरणात तर फार जपावं लागतं. गळ्यातल्या हायॉइड या नालेच्या आकाराच्या छोट्या हाडाची शिंगं (दोन्ही बाजूंची टोकं) काही जणांत आयुष्यभर मुख्य भागाला जुळत नाहीत. तो सांधा हलतो, आणि घाईत त्याला 'फ्रॅक्चर' म्हटलं जातं. एका शब्दावरून नवऱ्यावर किंवा सासरच्यांवर खुनाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. आसपास रक्तस्राव आहे का, कडा खडबडीत आहेत का, दुसऱ्या बाजूला तसंच आहे का, हे पाहून आणि शक्य तर एक्स-रे काढूनच लिहावं.

अपघातानंतर श्वासपटलातून (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून) आतडी छातीत गेलेली दिसली. मार लागूनच ना?

बहुधा हो, पण नेहमी नाही. बोचडालेकचा जन्मजात हर्निया, म्हणजे या पडद्यात जन्मतःच राहिलेलं भोक, मोठेपणीपर्यंत गुपचूप राहू शकतो, बहुतेक डावीकडे. त्याची कड गुळगुळीत असते, रक्त साकळलेलं नसतं आणि त्या बाजूचं फुप्फुस कधीकधी लहान राहिलेलं असतं.

नवजात बाळ अचानक गेलं आणि घरच्यांवर संशय आहे. व्यंगाचा विचार कधी होतो?

सुरुवातीपासून व्हायला हवा. काही जन्मजात हृदयदोषांत गर्भातली एक जोडनळी उघडी असेपर्यंत बाळ छान दिसतं, दूध पितं, घरी जातं. काही दिवसांत नळी बंद होते आणि बाळ काही तासांत कोसळतं. आईने काही केलं नाही, डॉक्टरांनीही काही केलं नाही, तरी बोटं दोघांकडे जातात.

यासाठी बाळाचं हृदय आणि फुप्फुसं एकत्रच बाहेर काढावी लागतात. फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरा डाव्या कप्प्याऐवजी भलतीकडे जोडलेल्या असण्याचा एक दोष आहे. फुप्फुसं वेगळी कापून ठेवली की त्या शिरा कापल्या जातात आणि मग काहीही सिद्ध होत नाही.

आणखी एक. आपल्याकडच्या बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर निळसर-करडे डाग फार सर्रास असतात. ते जन्मखुणा आहेत, माराचे वळ नव्हेत. शंका असेल तर त्वचेला छोटा छेद देऊन पाहावं. माराच्या जागी ऊतींत रक्त उतरलेलं असतं, जन्मखुणेखाली नसतं.

ओळख पटवायला याचा उपयोग होतो का?

होतो. बोटांचे ठसे, दात आणि डीएनए हे इंटरपोलच्या पद्धतीत ओळखीचे मुख्य आधार आहेत, शरीरातली वैद्यकीय वैशिष्ट्यं पूरक. जळालेल्या देहात मानेची जादा बरगडी सापडली आणि हरवलेल्या माणसाचा जुना छातीचा एक्स-रे घरात असला, तर शोध खूप अरुंद होतो. जुने एक्स-रे रद्दीत देऊ नका, असं मी सांगतो ते म्हणूनच.

आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेला ओट्झी हा सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या शरीराच्या तपासणीत शेवटची, बारावी बरगड्यांची जोडी जन्मतःच नसल्याचं दिसलं. आणि ज्याने त्याचा जीव गेला ते खांद्यातलं बाणाचं टोक मात्र २००१ पर्यंत कोणाच्या नजरेत आलं नव्हतं.

कुटुंबातल्या इतरांनी तपासणी करून घ्यावी का?

व्यंग कुठलं यावर आहे. दोन पाकळ्यांची झडप असेल तर आईवडील, भावंडं, मुलं यांनी एकदा हृदयाची इको तपासणी करून घ्यावी. जवळच्या नात्यात ती साधारण दहात एकाला निघते आणि महाधमनी फुगण्याचा धोका असतो. एकच मूत्रपिंड असेल तर सोनोग्राफी पुरते. मूत्रपिंडात गाठींचा अनुवंशिक आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के, तिथे टाळाटाळ करू नये. करोनरीची चुकीची जागा सहसा अनुवंशिक नसते, पण घरात खेळणारी मुलं असतील तर हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावं. मेकेलची पिशवी किंवा हृदयातलं न बुजलेलं छोटं छिद्र यासाठी धावपळ नको.

हे सांगणार कोण, हा खरा प्रश्न आहे. अहवाल पोलिसांकडे जातो, तिथून फाइलमध्ये. मृत्यूचं कारण 'डोक्यास गंभीर दुखापत' एवढंच घरच्यांना कळतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी दोन ओळींचं वेगळं पत्र द्यावं, नातेवाइकांना बोलावून सांगावं. यात कायद्याची अडचण वाटली तर तपास अधिकाऱ्यांना विचारून सांगावं, पण सांगावं.

मृत व्यक्तीत आधीच व्यंग होतं, तर आरोपी सुटतो का?

तेवढ्यावरून नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार, आधीच आजार किंवा शारीरिक दुर्बलता असलेल्या व्यक्तीला इजा करून तिचा मृत्यू लवकर घडवून आणला, तर तो मृत्यू घडवून आणला असंच मानलं जातं. हेतू आणि जाणीव किती होती, यावर पुढचा युक्तिवाद चालतो. उदाहरणार्थ, नालेसारख्या मूत्रपिंडांचा मधला जोड मणक्याच्या पुढ्यात असतो आणि पोटावरच्या ठोशाने तो मणक्यावर दाबला जाऊ शकतो. डॉक्टरने इजा किती, व्यंग किती आणि दोन्हींचा संबंध कसा, हे वेगवेगळं लिहावं. निकाल देणं न्यायालयाचं काम.

विम्याचा दावा अडेल का?

जे माहीतच नव्हतं ते लपवलं असं म्हणता येत नाही. शिवाय विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं पूर्ण झालेल्या जीवन विमा पॉलिसीवर कंपनीला आक्षेप घेता येत नाही. अहवालात 'पूर्वी निदान न झालेले, मृत्यूशी संबंध नसलेले' असे स्पष्ट शब्द असतील तर पत्रव्यवहार बराच वाचतो.

अवयव ठेवून घेतात का? आम्हाला नकार देता येतो का?

तपासासाठी व्हिसेरा (रासायनिक तपासणीसाठी राखलेले आतल्या अवयवांचे भाग) आणि ऊतींचे तुकडे घेतले जातात, त्याला संमती लागत नाही. कारण ठरवण्यासाठी कधी पूर्ण हृदय पॅथॉलॉजी विभागाकडे पाठवावं लागतं, आणि त्याची नोंद अहवालात असते. पण केवळ दुर्मिळ आहे म्हणून अवयव संग्रहालयात ठेवायचा असेल तर घरच्यांची लेखी परवानगी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. नकार दिला तर तो अवयव देहाबरोबर परत जायला हवा. फोटो छापतानाही नाव, चेहरा, गाव यांतलं काही कळता कामा नये.

अहवालाची प्रत कुठे मिळते आणि अर्थ कोणाला विचारायचा?

ज्या पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली तिथे जवळच्या नातेवाइकाने लेखी अर्ज करावा, किंवा शवविच्छेदन झालं त्या रुग्णालयात चौकशी करावी. 'व्हिसेरा राखून ठेवला' असं लिहिलेलं असेल तर अंतिम मत रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आल्यावर मिळतं, त्याला वेळ लागतो. प्रत मिळाली की जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागात जा. सोबत आधीचे रिपोर्ट, एक्स-रे, सोनोग्राफीची फिल्म असेल ती न्या. आणि 'जन्मजात' हा शब्द असलेली प्रत्येक ओळ बोट ठेवून विचारा: हे मृत्यूशी संबंधित आहे का, आणि आमच्यापैकी कोणी तपासून घ्यायचं आहे का.